ब्रेकच्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीवाल्या टाकाव्यात का?

पोहेजिलेबी · शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादात धागा 'ही कंपनी की ती कंपनी' या चिखलात रुतेल. गाडी एरवी इंदूरमध्ये सुदामा नगर ते विजय नगर अशी ऑफिसला जाते, आणि महिन्यातून एकदा महू, जाम गेट, मंडलेश्वर करत महेश्वरला. सासुरवाडी तिकडे आहे. (सासुरवाडीच्या वाटेवर ब्रेक लागत नाहीत हा विनोद मीच करून टाकतो. सराफा, तू दमू नकोस.)

मागच्या खेपेला जाम घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. गाडी थांबली, तसं काही झालं नाही. पण पाय जिथे थांबायचा तिथून अजून दोन बोटं खाली गेला आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आला. मला वाटलं मलाच भास होतोय. तर बायको म्हणाली, "तू प्रत्येक वळणावर दोनदा का दाबतोयस?" म्हणजे भास नव्हता.

छोटी ग्वालटोलीत एका मिस्त्रीला दाखवली. त्याने पॅड बघितले, म्हणाला अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. मग पुढच्या चाकामागे हात घालून नळी वाकवून बघितली आणि म्हणाला, "भिया, ये रबरवाले निकालो, जालीवाले डलवा लो. पेडल पत्थर हो जाएगा." चार नळ्या, तांब्याचे वॉशर, ब्रेक ऑइल आणि मजुरी धरून अकरा हजार.

रोजच्या गाडीला हे खरंच लागतं का? कुणी टाकल्या असतील तर सांगा. युट्यूब बघून झालंय, तिकडे सगळेच खूश आहेत.

घाटवेडा · शनिवार, रात्री ११:२०

टाका, डोळे मिटून टाका. माझ्या गाडीत तीन वर्षांपासून आहेत, जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रबरी नळीचं काय होतं, आत रबर, मधे धाग्याची वीण, बाहेर परत रबर. जोरात ब्रेक दाबला की ती फुगते. तुम्ही पायाने ढकललेलं थोडं ऑइल कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) न जाता नळी फुगवण्यात जातं. जाळीवाल्या नळीत आतली नळी टेफ्लॉनची आणि त्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची वीण, त्यामुळे फुगायला जागाच नाही. पाय ठेवला की पकड. केटीएम ड्यूक बाइकला कंपनीतूनच जाळीवाली येते, ती काय उगाच?

फक्त स्वस्तातल्या घेऊ नका. गुडरिज किंवा हेल बघा, आणि तुमच्या मॉडेलसाठीच बनलेला सेट घ्या.

तिरकस_पुणेकर · शनिवार, रात्री ११:३५

कंपनीच्या इंजिनिअरांना हे सुचलं नसेल, ग्वालटोलीच्या मिस्त्रीला सुचलं. असो.

सराफा_रात्री_बारा · रविवार, ००:०५

धागाकर्त्याने माझा विनोद चोरल्याबद्दल तीव्र निषेध. वाखु (वाचनखूण) साठवली, भुट्ट्याचा कीस घेऊन बसलोय.

मीनल_बडोदा · रविवार, सकाळी ८:१०

घाटवेडा, एक विचारू? नळ्या बदलल्या त्याच दिवशी ब्रेक ऑइलही नवं भरलं असेल, हवाही काढली असेल, आणि मिस्त्रीने चाकं उघडलीच होती तर मागचे ड्रमही आवळून दिले असतील. मग जमीन-अस्मानातला किती भाग जाळीचा आणि किती बाकीच्याचा?

पोहेजिलेबी, तुमच्या दोन बोटांचा हिशोब मांडून बघितला. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो, त्याचा व्यास २० मिमी धरू. क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंमी. समजा जोरात दाबल्यावर चारही नळ्या मिळून अर्धा घन सेंमी फुगल्या. त्यासाठी पिस्टनला १.६ मिमी जास्त सरकावं लागेल. पेडलची तरफ चारास एक धरली तर पायाखाली साडेसहा मिमी. हे पायाला कळतं, नाकारत नाही. घाटवेड्याला जो फरक जाणवला तो यातला असू शकतो.

पण दोन बोटं म्हणजे तीस-बत्तीस मिमी. तेवढं पेडल नुसत्या नळ्यांमुळे जायचं तर त्या अडीच घन सेंमी फुगायला हव्यात. सगळं एका जागी आलं तर जांभळाएवढं टेंगूळ. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाकामागे टॉर्च मारून नळीकडे बघा. टेंगूळ दिसलं तर गाडी जागची हलवू नका. दिसलं नाही तर चोर दुसरीकडे आहे.

आणि थांबण्याचं अंतर नळीने कमी होत नाही. जोरात दाबल्यावर तुमची चाकं आजही जाम होत असतील तर पुढचं सगळं टायर आणि रस्ता ठरवतात.

घाटवेडा · रविवार, सकाळी ९:०२

मीनलताई, ड्रम आवळले होते का आठवत नाही. पण फील म्हणून काही असतं की नाही? कागदावर पाय ठेवून गाडी चालत नाही.

मीनल_बडोदा · रविवार, सकाळी ९:१५

असतं ना. फील विकत घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये.

जुना_पाना · रविवार, दुपारी १:४०

पोहे, तुझ्या पहिल्या लेखातच उत्तर आहे आणि सगळे नळीला धरून बसलेत. "दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आला." अरे, नळी फुगत असती तर दुसऱ्यांदाही तेवढीच फुगली असती. तिला काय पहिल्या खेपेची लाज वाटते? दुसऱ्यांदा पेडल वर येतं तेव्हा दोनच गोष्टी बघायच्या. एक, लाइनमध्ये हवा आहे. दोन, मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय. पहिल्या दाबात लायनर नुसते ड्रमपर्यंत चालत जातात, दुसऱ्या दाबात पकडतात.

पिथमपूरला एका कारखान्यात ब्रेकच्या कामावर २६ वर्षं काढली. आता घरी बसून नातवाची सायकल आवळतो. मागचे ड्रम कुणी बघत नाही. पुढचे पॅड चाकाच्या जाळीतून दिसतात म्हणून सगळे तेच बघतात. ड्रममध्ये स्वतःहून अंतर काढणारी किल्ली असते, पण आपल्या धुळीत ती गंजून बसते, मग वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही.

घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो.

सपाट जागेवर गाडी उभी कर, चाकांना विटा लाव. इंजिन चालू, हँडब्रेक सोडलेला, पेडल दाब, कुठे थांबतं ते लक्षात ठेव. आता हँडब्रेक पूर्ण ओढ आणि परत दाब. पेडल ठळकपणे वर थांबलं तर दोष ड्रमच्या अंतरात आहे, कारण हँडब्रेकने लायनर आधीच बाहेर नेऊन ठेवलेत.

मग इंजिन बंद करून पाच-सहा वेळा दाब, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेव आणि इंजिन चालू कर. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं तर बूस्टर ठीक. तो दाब मिनिटभर धरून ठेव. हळूहळू बुडत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतो किंवा बाहेर कुठेतरी ओल आहे.

आणि एक. सुपर कॉरिडॉरला एक चक्कर मार, ब्रेक फार न वापरता, आणि परत आल्यावर चारही चाकांजवळ हाताचा मागचा भाग ने. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर लिही.

जाळीवाल्या नळ्यांवर नंतर बोलतो, आता जेवतो.

लोहामंडी · रविवार, दुपारी ३:१०

अकरा हजार कशाला? जेसीबीचे होज बनवणारे किती तरी आहेत आपल्याकडे. माप द्या, दोन्हीकडे नट दाबून तासाभरात देतात. जेसीबीचा दाब सहन करते ती नळी तुमच्या हॅचबॅकला काय भारी आहे? चारशे-पाचशेला एक.

जुना_पाना · रविवार, दुपारी ३:५५

अजिबात नको! आणि हे वाचून कुणी करूही नका.

दाबाचा प्रश्न नाही. जेसीबीत खनिज तेल असतं. त्या नळीच्या आत बहुतेक नायट्राइल रबर असतं, ते त्या तेलाला चालतं. आपलं डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, त्याचे तुकडे सुटतात. ब्रेकच्या रबराला ईपीडीएम लागतं. उलटंही खरं. ब्रेकच्या डब्यात कुणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं की मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळी रबरं फुगून बसतात आणि सगळंच बदलावं लागतं. एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीत हे झालेलं पाहिलंय. ड्रायव्हरने 'तेल कमी दिसलं म्हणून' टाकलं होतं बिचाऱ्याने.

ब्रेकच्या नळीला आपल्याकडे आयएस ७०७९ हे मानक आहे. नळीवर छापलेलं बघून घ्या. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ मध्ये नळीला ४,००० पीएसआय दाब दोन मिनिटं धरायला लावतात, आणि वेगळी नळी घेऊन ३५ तास सलग फिरवत वाकवतात, त्याला व्हिप टेस्ट म्हणतात. तासाभरात दाबून दिलेल्या नटाची ही परीक्षा तुझ्याच गाडीवर, घाटात होणार.

लोहामंडी · रविवार, दुपारी ४:०५

काका, शरण. माझ्या ट्रॉलीच्या लिफ्टला ठीक आहे ना तरी?

जुना_पाना · रविवार, दुपारी ४:१०

तिला ठीक आहे.

घाटवेडा · रविवार, संध्याकाळी ६:३०

काका, जाळीवाल्यांबद्दल बोलणार होतात. माझ्या काढायला लावू नका म्हणजे झालं.

जुना_पाना · रविवार, रात्री ९:२५

नाही लावत. चांगल्या बनावटीच्या असतील तर त्या उत्तम वस्तू आहेत, मी विरोधात नाही. आतली टेफ्लॉनची नळी म्हाताऱ्या रबरासारखी तडकत नाही, आणि तिच्यातून ओलावाही कमी झिरपतो. रबरातून हवेतला दमटपणा हळूहळू ऑइलपर्यंत पोचतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं पाणी फक्त झाकणातूनच जातं.

पण तिचे नखरे ऐक.

ती जाळी म्हणजे कानस आहे. ज्याला घासेल त्याला कापत जाते. माझ्या भाच्याने एका गॅरेजात बसवून घेतल्या. मूळ रबरी नळीला मधोमध एक लोखंडी पट्टी असते, ती शॉकअॅब्सॉर्बरच्या नळकांड्यावर स्क्रूने बसते. त्याच्या सेटमध्ये ती पट्टीच नव्हती. गॅरेजवाल्याने प्लॅस्टिकच्या टायने नळी बांधली आणि 'हो गया' म्हणाला. दोन महिन्यांनी एबीएसचा दिवा लागला. मी चाक काढून बघितलं तर टाय सैल होऊन खाली सरकलेला आणि नळी चाकाच्या सेन्सरच्या वायरवर टेकलेली. वायरचं काळं आवरण सुरीने सोलावं तसं उतरलेलं, आत तांबं चमकत होतं. नळीला ओरखडाही नाही. म्हणून बाहेरून पीव्हीसीचं आवरण असलेलीच घ्यायची. उघडी जाळी दिसायला छान दिसते, पण आपल्या काळ्या मातीचे बारीक कण तारांमधून आत जातात आणि टेफ्लॉनला आतल्या आत घासत बसतात.

दुसरं, रबरी नळी मरण्याआधी सांगते. वाकवली की भेगा दिसतात, फुगवटा येतो, ओल सुटते. जाळीवाली आत काय चाललंय ते दाखवत नाही. बहुधा सांध्यापाशी, जिथे लवचीक भाग संपून कडक भाग सुरू होतो तिथे, वाकून वाकून थकते. टेफ्लॉनला एकदा कडक मोड पडली की ती मोड जात नाही, नळी फेकायची.

तिसरं, पीळ. रबरी नळीवर लांबीच्या दिशेने रेघ छापलेली असते. ती रेघ सरळ दिसली म्हणजे नळीला पीळ नाही. जाळीवर बहुतेकदा अशी रेघ नसते, त्यामुळे आवळताना नळी पिळली गेली तरी कळत नाही.

पोहेच्या गाडीचं काय ते परीक्षांचे निकाल आल्यावर.

सराफा_रात्री_बारा · रविवार, रात्री ११:५९

काकांचा वेगळा धागा काढा कुणीतरी. मी आयुष्यभर ब्रेकला फक्त पेडल समजत होतो.

पोहेजिलेबी · बुधवार, रात्री ९:४५

निकाल.

मुलीच्या कंपासपेटीतली फूटपट्टी घेतली. पेडलच्या रबरावर शून्य, आणि न दाबलेल्या जागेपासून जोरात दाबल्यावर किती गेलं ते बायकोने मोबाइलच्या उजेडात वाचलं. पाय तोच, जोर अंदाजे सारखा. मीनलताई, जोर मोजायला काही नव्हतं, माफी असावी.

इंजिन चालू, हँडब्रेक सोडलेला: ८६ मिमी. हँडब्रेक ओढून: ६५ मिमी. काका, दंडवत!

बूस्टर ठीक. मिनिटभर दाबून धरलं, बुडालं नाही. टॉर्च मारून नळ्या बघितल्या, टेंगूळ नाही, पण पुढच्या दोन्ही नळ्यांना वाकवल्यावर केसासारख्या भेगा दिसतात.

आणि सुपर कॉरिडॉरवरून आल्यावर पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच गरम. मला वाटलं ऊन त्या बाजूला होतं म्हणून, तर संध्याकाळी परत केलं, तरी तेच.

जुना_पाना · बुधवार, रात्री १०:१०

वीस मिमी ड्रममध्ये हरवलेत. तुझं कोडं तिथेच सुटलं.

डाव्या चाकाचं मात्र वेगळं दिसतंय. एक तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकणाऱ्या पिना अडकल्यात, नाहीतर नळी आतून सुजली आहे. आतलं रबर सुजलं की भोक बारीक होतं. पायाचा जोर मोठा, त्यामुळे जाताना ऑइल घुसतं. पाय काढल्यावर परत यायला मात्र नुसत्या सीलचा ताण, तो कमी पडतो. पॅड चिकटून राहतात, चाक तापतं. एका बाजूने उघडणाऱ्या दारासारखं. चाक गरम असताना कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल जरासा सैल कर. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं तर दाब कॅलिपरमध्येच अडकला होता, म्हणजे नळी. तरीही चाक जड राहिलं तर कॅलिपर. डोळ्यांना चष्मा लाव आणि ऑइल रंगावर पडू देऊ नकोस, रंग खातं. पडलंच तर लगेच पाण्याने धू.

शनिवारी गाडी घेऊन ये माझ्याकडे. रामबागेत ये, पुढचं फोनवर सांगतो. दहाचा फ्लेअर पाना (पाइपच्या नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) आहे का तुझ्याकडे?

पोहेजिलेबी · बुधवार, रात्री १०:१४

दहाचा साधा आहे.

जुना_पाना · बुधवार, रात्री १०:१६

साध्याने लोखंडी पाइपचा नट गोल होतो, मग पूर्ण पाइप बदलावा लागतो. सध्या माझा घे. निपलची परीक्षा आधी घरी करून ये. पुढच्या नळ्यांच्या सांध्यांवर आज रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मार, उद्या परत मार. कोपऱ्यावरच्या माझ्या पुतण्याच्या दुकानातून पाना उचल.

तिरकस_पुणेकर · गुरुवार, सकाळी १०:२०

मग शेवटी मिस्त्री बरोबर होता तर! नळ्या बदलायच्याच होत्या.

मीनल_बडोदा · गुरुवार, सकाळी १०:४०

नळ्या बदलायच्या होत्या हे बरोबर, जाळीच्या हव्यात हे त्याने पुढे जोडलं. आणि नुसत्या नळ्या बदलल्या असत्या तर पेडल ऐंशीच्या आसपासच राहिलं असतं. मग अकरा हजार देऊन पोहेजिलेबी परत इथेच आले असते, "पत्थर झालं नाही" म्हणत.

तुलना करायचीच असेल तर नवी रबरी नळी विरुद्ध नवी जाळीची नळी अशी करावी. अकरा वर्षांचं रबर विरुद्ध कालची जाळी, यात कुणीही जिंकेल.

चोरलकाठ · गुरुवार, दुपारी १२:०५

घाटाचा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही आठवड्याला सिमरोलवरून खाली उतरतो. पेडल मऊ झालं तर नक्की काय समजायचं? काहीजण म्हणतात ब्रेक फेल, काहीजण म्हणतात गरम झाले.

जुना_पाना · गुरुवार, दुपारी २:३०

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाय ओळखू शकतो.

पेडल कडक आहे, पाय नेहमीच्या जागीच थांबतोय, पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय: पॅड तापून त्यांची पकड गेली.

पेडल मऊ, खाली खाली जातंय, एकदम फुसकं: ऑइल उकळलं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांना उकळतं, तेच ३.७ टक्के पाणी प्यायल्यावर १५५ अंशांना उकळलं तरी मानकात बसतं. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. डॉट ४ चे पंचाहत्तर अंश नुसत्या पाण्यात गेले बघ. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. डबा उघडा राहिलेलं अर्ध ऑइल वर्षभर फडताळात ठेवून परत वापरायचं नाही. आणि डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ चालतं, नावं सारखी आहेत म्हणून लोक फसतात.

दोन्हींत जाळीवाली नळी तुला काडीची मदत करत नाही. मदत करतो तो दुसरा गिअर. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि ब्रेकवर पाय टेकवून बसू नको. दाब, वेग कमी कर, सोड, त्याला गार होऊ दे. एबी रोडवरच्या गणेश घाटात ट्रकांचं काय होतं ते आपण सगळे पेपरात वाचत आलोय.

घाटवेडा · गुरुवार, दुपारी ३:००

हे मान्य. माझ्या जाळीवाल्या असूनही मागच्या पावसाळ्यात एकदा वास आला होता. लिहिलं नव्हतं.

सराफा_रात्री_बारा · गुरुवार, दुपारी ३:०४

कबुलीजबाब नोंदवून घेतला आहे.

इंदूरची_वकीलीण · शुक्रवार, सकाळी ११:१५

विमा आणि आरटीओ कुणी विचारलं नाही म्हणून मीच लिहिते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत बदल करण्याबद्दल आहे. ब्रेकची नळी आरसीवर नसते. पण अपघातानंतर सर्व्हेअर ब्रेक बघतो तेव्हा मानकाचा शिक्का नसलेली, कुणी बनवली ते न कळणारी नळी दिसली की वादाला तोंड फुटतं. बिल जपून ठेवा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी लेखी विचारा.

पोहेजिलेबी · रविवार, रात्री ११:१०

झालं. सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यांनी वेळ दिलाय.

निपलची परीक्षा शुक्रवारी केली. पिचकारी उडाली, चाक मोकळं झालं. म्हणजे नळीच. शनिवारी काकांकडे गेलो. आधी पोहे खाल्ले, नावाला जागलो.

गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवली. काकांनी नुसत्या जॅकवर हात घालू दिला नाही. आधी मागचे ड्रम उघडले. डावीकडची आपोआप अंतर काढणारी दातेरी किल्ली गंजून दगड झालेली. काकांनी ती काढून तारेच्या ब्रशने घासली, जरासं हाय टेंपरेचर ग्रीस लावलं, लायनरला लागू न देता, आणि ड्रम हाताने फिरवत फिरवत हलका घासेपर्यंत आवळला. दोन्ही बाजू. मग मोजलं: ६६ मिमी. एक पैसा खर्च न होता वीस मिमी परत मिळाले.

मग ऑइल. डब्यातून निघालं ते ब्लॅक टीसारखं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काका म्हणाले हा आमच्या गाडीचा क्रम, काही गाड्यांत वेगळा असतो, मॅन्युअल बघायचं. मी पेडलवर, "दाब… धर… सोड." डबा एकदाही रिकामा होऊ दिला नाही. मोजलं: ६१.

आता नळ्या. इथे निर्णय घ्यायचा होता. जाळीवाला सेट घेऊन एक ओळखीचा आला होता, तो काकांनी हातात घेऊन बघितला. पुढच्या नळीला शॉकअॅब्सॉर्बरची पट्टी नव्हती. काकांनी काही न बोलता सेट परत दिला. मी कंपनीच्या चार रबरी नळ्या घेतल्या, तांब्याच्या वॉशरसकट अडीच हजारांच्या आत आलं. घाटवेडा, माफ कर. पुढेमागे पट्टीसकट सेट मिळाला तर परत विचार करेन.

पुढचा डावा सांधा सुटायला पाऊण तास लागला. एका पान्याने नळीचं टोक धरायचं, दुसऱ्याने लोखंडी पाइपचा नट फिरवायचा, नाहीतर पाइपच पिळला जातो. मी एकदा विसरलो, काकांनी मनगटावर चापट मारली. वय ४१ आहे माझं. सुटल्यावर पाइपच्या तोंडाला निपलची रबरी टोपी लावली, ऑइल थांबलं. नवी नळी बसवल्यावर रेघ सरळ आहे का बघितली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवलं, चाक लोंबतं असताना आणि जॅकने वर ढकलून असं दोन्ही वेळा बघितलं, नळी कशालाच लागत नाही. बॅन्जो बोल्ट (नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला. चारही झाल्यावर परत हवा काढली, जोरात मिनिटभर दाबून धरलं, प्रत्येक सांध्यावर कोरडं कापड फिरवलं. कोरडंच निघालं.

मोजलं: ५६ मिमी.

काकांनी डावी जुनी नळी हॅकसॉने उभी चिरली. उजवीचं भोक गोल, सुतळीएवढं. डावीत एका जागी आतलं रबर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. बायकोने फोटो काढलाय, सकाळी टाकतो.

आज महेश्वरला जाऊन आलो. जाम घाट दुसऱ्या गिअरमध्ये. मंडलेश्वरला थांबून चाकांजवळ हात नेला, दोन्ही बाजू सारख्या. बायको घाटभर झोपली होती.

मीनल_बडोदा · सोमवार, सकाळी ८:००

८६, ६६, ६१, ५६. ही फूटपट्टी फ्रेम करून लावा. नळ्यांच्या ५ मिमीतही काही वाटा दुसऱ्यांदा काढलेल्या हवेचा असेल, पण तेवढं सोडून देते.

घाटवेडा · सोमवार, सकाळी ९:२०

अभिनंदन पोहे. मी काल रात्री हँडब्रेकची परीक्षा केली. माझं पेडल १४ मिमी वर आलं. जाळीवाल्या असूनही. काका, या शनिवारी मोकळे आहात का?

जुना_पाना · सोमवार, सकाळी ९:४५

ये. पण पोहे, दहाचा फ्लेअर पाना तुझ्याच डिकीत राहिलाय. शनिवारच्या आत पुतण्याच्या दुकानात ठेव.